गादीच्या दुकानावरचा चालू संगणक

दादा वारल्यानंतर तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याच्या अस्थी कौंडण्यपूरला नेल्या आणि वर्धा नदीत सोडल्या. अस्थींसोबत त्यांनी दादाचा मोबाइल सोडला. मी घरी होते. मला हे संध्याकाळी कळलं.

आमच्या घरात ही जुनी रीत. गेलेल्या माणसाची एक आवडती वस्तू अस्थींबरोबर द्यायची. आजोबांबरोबर त्यांची पानाची चंची गेली होती, आजीबरोबर चष्मा. बाबांनी दादाच्या वेळी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्या दिवसांत कोणी काही वेगळं सांगितलं असतं असं वाटत नाही. डेंगीच्या तापाने एक तरणा मुलगा घरातून गेला होता, आणि त्याचा जीव मोबाइलमध्ये असतो हे आई रोजच म्हणत आली होती. बाबांनी ते वाक्य खरं मानलं, इतकंच. मी त्यांना तेव्हा बोल लावला नाही, आजही लावत नाही.

आत्मकथन लिहिण्याचं माझं वय अजून झालेलं नाही, असं कोणी म्हणालं तर मी मान्य करेन. पण जी वर्षं मला लिहायची आहेत ती संपून गेली आहेत, आणि ज्याच्याबरोबर ती जगले तो नाही. मग थांबून काय करायचं?

आमचं घर अमरावतीच्या बाहेर, जिथे शहर संपून फुलांचे वाफे सुरू होतात तिथे होतं. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. पहाटे तोडणी, मग ओल्या पोत्यांत भरून बाजार, आणि दुपारी उरलेल्या फुलांचे हार. आई आणि मी परसातल्या पत्र्याखाली बसून हार ओवायचो. समोर कूलर घरघरत असायचा, त्याच्या वाळ्याचा वास आणि शेवंतीचा कडवट वास एकमेकांत मिसळायचा. दुसरीकडे, खोलीच्या कोपऱ्यात, दादाचा संगणक घरघरत असायचा. कूलर मोठ्याने की संगणक, यावर घरात वाद चालायचे. आई म्हणायची, "एक थंड हवा देते, दुसरा गरम. दोघाइलेबी मीच लाइटबिल भरतो का वं?" दादा आतून ओरडायचा, "आई, त्याच्यावर पापड वाळव!" आणि आईने एकदा खरोखरच वाटीभर कुरडया त्याच्या मागच्या जाळीजवळ ठेवल्या होत्या. वाळल्या नाहीत, पण दादा पुढचा महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगत राहिला.

तो संगणक एका बंद पडणाऱ्या कॉम्प्युटर क्लासमधून आणलेला होता, आणि त्याच्यात दम कमीच होता. गेमच्या दुनियेतली एक अडचण मला दादामुळे कळली. गेम पैसे देऊन विकत घेतला तरी तो आपल्या हातात येत नाही. दुकान आपलं स्वतःचं एक मोठं सॉफ्टवेअर संगणकात बसवायला लावतं, त्याला लाँचर म्हणतात. गेम उतरवणं, चालू करणं, नवा करणं, सगळं त्याच्या परवानगीने. त्या लाँचरमध्ये जाहिराती असतात, गप्पांची खोली असते, मित्रांची यादी असते, आणि ते सुरू झालं की आमच्या बिचाऱ्या संगणकाला धाप लागायची. स्वतःला अपडेट करण्यातच ते दादाच्या मोबाइलचा दिवसाचा डेटा खाऊन टाकायचं. दादा म्हणायचा, "आपण एक हार मांगतला, तर हे अख्खं मार्केट घरात आणून टाकते."

म्हणून त्याने दुसरा रस्ता शोधला होता. जगभरातल्या काही हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं एक छोटं, फुकट सॉफ्टवेअर. त्याचा सगळा आतला मजकूर उघडा असतो, कोणीही वाचावा, सुधारावा. त्यात आपल्या खात्याने लॉगिन केलं की दोन-तीन दुकानांतून घेतलेले आपले गेम एकाच यादीत दिसतात. हवा तो उतरवायचा. मध्येच नेट गेलं तर जिथे थांबला तिथून पुढे उतरतो. आणि दादाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्या संगणकावर उतरवलेला गेम कॉपी करून आणला आणि त्या सॉफ्टवेअरला जागा दाखवली, की ते म्हणतं, बरं, हा घरातलाच आहे. चोरीचं त्यात काही नव्हतं. गेम विकत घेतलेलेच होते, हार विकून.

दादाचा अकोल्याचा फेरा यातूनच सुरू झाला. अकोल्याच्या एका हारवाल्याला तो दर आठवड्याला शेवंती नेऊन द्यायचा. तिथे त्याचा मित्र होता, इमरान. त्यांचं गाद्या-रजया भरण्याचं दुकान, खाली कापूस पिंजायचं यंत्र आणि वरच्या खोलीत इमरानचा संगणक. त्यांच्याकडे चांगलं, वेगाचं नेट होतं. दादाने इमरानच्या संगणकावर तेच छोटं सॉफ्टवेअर टाकून आपल्या खात्याने लॉगिन केलं होतं. सकाळी फुलं पोचवायची, वर जाऊन डाउनलोड लावायचं, दिवसभर खाली गाद्या भरायला हात लावायचा, संध्याकाळी गेम हार्ड डिस्कवर घेऊन मूर्तिजापूरमार्गे एसटीने घरी. घरच्या संगणकात उतरवून घेतला की डिस्क पुढच्या फेरीसाठी पुसून मोकळी. हार्ड डिस्क ओल्या पोत्यात भिजू नये म्हणून तो ती जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा, खालच्या कप्प्यात डिस्क, वर भाकरी आणि झुणका. इमरानच्या अम्मीला, आम्ही त्यांना खाला म्हणायचो, हे माहीत नव्हतं. एकदा त्यांनी परत भरून देण्यासाठी डबा उघडला आणि खाली हाक मारली, "सागर बेटा, तेरी माँ ने टिफिन में ये कौन सी डिब्बी दी? धो के रख दूँ?" दादा पिंजलेल्या कापसातून धावत वर गेला. केसांत कापूस, भुवयांत कापूस. खाला त्याला बघून खाली बसल्या आणि ओढणी तोंडाला लावून हसत राहिल्या. हे इमरानने मला सांगितलं. दादाने कधी सांगितलं नाही.

मी घरातली वाचणारी. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं संपवून मी फुलांच्या पुड्यांचे कागदही वाचायचे. दादाचं इंग्रजी कच्चं होतं आणि त्याला आवडणारे गेम बडबडे होते, पानंच्या पानं संवाद. म्हणून दुपारी हार ओवून झाले की मी त्याच्या मागे स्टुलावर बसायचे आणि पडद्यावरचं इंग्रजी वऱ्हाडीत सांगायचे. तो मला मास्तरीण म्हणायचा. "मास्तरीण, ही बुढी काय म्हणून राहिली?" "म्हणते, माह्या पोराले समुद्रानं नेलं, मी घराले कुलूप लावतो." "हट्. सांग तिले, कुलूप नको लावू, मी दुरुस्त करून देतो." मी म्हणायचे, "गेमले कसं सांगू?" "मले सांग, मी करतो."

तो गेम एका ओसाड पडलेल्या समुद्राकाठच्या गावाचा होता. आम्ही त्याला नुसतं 'गाव' म्हणायचो. एकेक घर दुरुस्त करायचं, मग सोडून गेलेलं एकेक माणूस परत यायचं आणि आपली गोष्ट सांगायचं. घरावर पाटी लावता यायची, इंग्रजी अक्षरांत. दादाने त्या अक्षरांत आपली माणसं लिहिली. धक्क्याजवळ बाबांचं फुलांचं दुकान. टेकडीवर आईचं घर, अंगणासकट, कारण आईला अंगण हवं असायचं. बाजारात इमरान गादी सेंटर. समुद्र त्याने आयुष्यात पाहिला नव्हता, आणि गावात त्याने समुद्राकडे पाठ करून घरं बांधली होती. मी म्हटलं, खिडक्या तिकडे कर. तो म्हणाला, "खारं वारं घरात घेऊन कायले? लोखंड सडते."

माझं घर सगळ्यात शेवटी आलं. आखाडी संपून पोळा गेला होता, दसरा-दिवाळीची फुलं सुरू झाली होती, आणि अकोल्याच्या फेऱ्या बंद होत्या. हारवाला आता स्वतःच गाडी पाठवायचा. अशा धावपळीत दादाने दीपस्तंभाच्या खाली, जिथे आधी नुसते दगड होते, एक घर बांधलं. खिडक्या समुद्राकडे. आत फक्त कपाटं, कारण त्या गेममध्ये पुस्तकांचं कपाट मिळायचं आणि त्याने मिळालेलं प्रत्येक कपाट तिथे ठेवलं होतं. माणसाला चालायला जागा नव्हती. मी म्हटलं, "झोपू कुठी मी?" तो म्हणाला, "मास्तरणी झोपतेत कुठी?" पाटीवर माझं नाव होतं. घराला दिलेला निळा रंग मला नको होता, त्यावरून आमचं भांडण झालं. दिवाळीनंतर रंग बदलू, असं ठरलं. दिवाळीनंतर त्याला ताप आला.

सुतकात आमच्याकडे चूल पेटली नाही. शेजारच्या बाया भाकरी, वरण, आंबाडीची भाजी आणून द्यायच्या. मी ते घास गिळायचे आणि मनात एकच गोष्ट धरून बसायचे, की ते गाव संगणकात आहे. सगळे गेले की मी ते उघडीन, निळ्या घरासमोर जाऊन उभी राहीन. दुसरं काही मला नको होतं. ज्यांच्या घरी फोटोंचे अल्बम असतात त्यांना हे कळणार नाही कदाचित. दादाचे फोटो होते, पण त्यात तो फोटोसाठी उभा होता. गावात तो होता तसा होता.

तेल्हाऱ्याहून आईचे भाऊ, प्रल्हादमामा, आले होते. मामा सरळ मनाचे. आईने त्यांना सांगितलं, "त्याचं काही घरात ठेवू नका. मले पाहवत नाही." तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, गेलेल्याचे कपडे, अंथरूण देऊन टाकतात, म्हणून संगणक मामांच्या मुलाला द्यायचं ठरलं. मी विचार केला, तेरवीपर्यंत वेळ आहे, डिस्कवर घेईन. मामांनी मात्र त्याच दुपारी बाजारातून एक संगणक दुरुस्त करणारा बोलावला, म्हणजे नेल्यावर पोराला लगेच वापरता येईल. मी बायांमध्ये आत बसले होते. कूलर बंद होता म्हणून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"काका, हे गेमचं जे आहे ना, हे कंपनीचं नाही. बाहेरचं आहे."

"बाहेरचं म्हंजे? डुप्लिकेट?"

"तसंच समजा."

"मंग काढ ते. सगळं काढ. ओरिजनल टाक. गेलेल्या पोराच्या नावावर चोरीचा माल नको बाप्पा."

"त्याच्यासंगं जुनं सेव्ह केलेलं बी काढू का? विचारून राहिलं."

"सगळं म्हंजे सगळंच. सापसूप कर."

मी उठले, पण दारात बाया बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर लेकरं होती. मी त्यांना ओलांडून बाहेर पोचले तेव्हा पडद्यावर दुकानाचं मोठं लाँचर आपलं रंगीत तोंड घेऊन उभं होतं. मी माउस हातात घेऊन गावाचा फोल्डर उघडला. रिकामा. मी तो बंद करून पुन्हा उघडला. मामा म्हणाले, "काय झालं बेटा?" मी फोल्डर तिसऱ्यांदा उघडला. तो दुरुस्तीवाला घाबरला, माझ्यापेक्षा फार मोठा नव्हता. म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ. दुकानाच्या क्लाउडमध्ये राहते सगळं. लॉगिन केलं की येऊन जाईन." पासवर्ड मला पाठ होता, तो मीच करून दिला होता, तीन फुलांची नावं. मी तो टाकला. लाँचर म्हणालं, तुमच्या मोबाइलवरचा कोड टाका.

त्या दुरुस्तीवाल्याने आपल्या अंदाजाने काही आकडे टाकून पाहिले. मी नको म्हणेपर्यंत लाँचरने लाल अक्षरांत ताकीद दिली.

बाबा मागे वाफ्याच्या बांधावर बसले होते. फुलं तोडायला माणसं नव्हती, शेवंती झाडावरच काळी पडत होती. मी विचारलं, "बाबा, मोबाइलमधलं सिम काढून ठेवलं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सिम काढून कायले? अर्धा मोबाइल देऊ का पोराले?"

मी म्हटलं, "नाही. असंच विचारलं." आणि त्यांच्याजवळ बसले.

इमरानला फोन केला तेव्हा त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सिमचा सवालच नाही, नीलू. कोड मेसेजनं येत नाही. सागरच्या फोनमध्ये एक ॲप आहे, ते बनवते. तू फक्त फोन घेऊन ये."

"फोन नाही."

"नाही म्हंजे?"

"बाबांनी अस्थींसंगं सोडला. नदीत."

पलीकडे कापूस पिंजायच्या यंत्राचा आवाज येत राहिला. नंतर कितीतरी दिवस मला एक दृश्य दिसायचं. पाण्याच्या तळाशी तो मोबाइल, आणि त्यातलं ते ॲप दर अर्ध्या मिनिटाला नवा कोड बनवतंय, कोणी विचारलं नसताना, बॅटरी संपेपर्यंत. असं काही झालं नसणार. पाणी आत जाताच तो बंद पडला असणार. तरी ते दृश्य मी घालवू शकले नाही.

इमरान म्हणाला, "सुन. मेरा वाला चालू है."

"काय चालू आहे?"

"कॉम्प्युटर. जिस दिन तुम्हारे घर से खबर आई, उस दिन से मैंने बंद नहीं किया. सागर का लॉगिन खुला है उसमें. बंद केला आन् पुन्हा पासवर्ड मांगतला तं? मले डर वाटला."

बंद केल्याने काही बिघडलं नसतं, हे त्याला नंतर कळलं. पण त्या दिवसांत तो संगणकाजवळ झोपत होता. वीज गेली तर जागा व्हायला हवा, म्हणून. दुकानाचा इन्व्हर्टर त्याने वर ओढून आणला होता आणि वीज गेली की त्याचे अब्बू खाली अंधारात गाद्या शिवत होते.

मी बाबांना खरं तेवढं सांगितलं, की दादाचं काही सामान इमरानकडे आहे, आणून घेते. सुतकात मुलीने कुठे जाऊ नये, असं मामा म्हणू लागले. बाबा उठले, वाफ्यात गेले, हाताने शेवंती तोडून पोत्यात बांधून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "रिकाम्या हातानं जाऊ नको. थो कधी गेला नाही." आईने स्टीलचा डबा पुढे केला. त्यात डिस्क होती. तो डबा तिने त्या आठवड्यात घासून, पुसून, डिस्क पुन्हा आपल्या जागी ठेवली होती. म्हणजे डब्याच्या खालच्या कप्प्यातून काय जातं हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

एसटीत मी खिडकीजवळ बसले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा चिवड्यावाला वर चढला, आणि दादा इथे नेहमी चिवडा घेतो हे आठवून मी डबा घट्ट धरला. एवढंच मला त्या प्रवासातलं आठवतं.

खालांनी मला दारातच जवळ घेतलं. त्यांच्या ओढणीला नव्या कापसाचा वास होता. "मेरा बच्चा," त्या म्हणाल्या, "टिफिन में से डिब्बी नहीं निकालूँगी अब कभी." इमरान जिन्यावर उभा होता, दाढी वाढलेली. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः मागे स्टुलावर बसला. मी त्याला म्हटलं, तू खुर्चीत बस, स्टूल माझं आहे. तो उठला.

पडद्यावर ते छोटं सॉफ्टवेअर होतं. वर कोपऱ्यात दादाचं नाव. मी ते नाव असं उघडं, चालू, कोणाची वाट बघत असल्यासारखं पुन्हा पाहीन असं मला वाटलं नव्हतं. इमरानने आधी क्लाउड पाहिला. त्याने दोनदा पाहिलं आणि माझ्याकडे न वळता म्हणाला, "रिकामा आहे. त्यानं बंद ठेवला होता. डेटा वाचवासाठी." निळ्या घराच्या ज्या आशेवर मी आले होते ती तेवढ्यात संपली. खाली यंत्र चालू झालं आणि फरशी थरथरू लागली.

मग इमरानला आठवलं की पोळ्याच्या आधी दादा शेवटचा आला होता तेव्हा अर्धा दिवस तो इथेच बसून गाव खेळला होता. डिस्कवरून आपलं सेव्ह, म्हणजे गाव जिथवर बांधून झालं होतं तिथवरची फाइल, आणून. त्याने फोल्डर शोधला. सेव्ह होतं. जुनं, पण होतं. गेम मात्र जागा करायला काढून टाकलेला. तो पुन्हा उतरवायचा तर दादाचं लॉगिन उघडं असेपर्यंतच.

"लाव," मी म्हटलं.

"बाकीचे बी लावू? सगळे उतरवून घेऊ, यादीतले."

"आधी गाव."

त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा डाउनलोडच्या एका रेषेकडे बघत बसले. ती निळी रेषा डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि सरकत नव्हतीही. मध्येच वीज गेली. इन्व्हर्टरने धरलं, पण तो इतके दिवस न थांबता चालला होता आणि आता कण्हायला लागला. इमरानने पंखा काढला, दिवा काढला. खालून अब्बूंचा आवाज आला, "क्या हुआ रे?" "अब्बू, मशीन मत चलाना!" "लाइट कहाँ है जो मशीन चलाऊँगा, गधे!" आम्ही दोघं हसलो. हसताना मला रडू आलं आणि इमरानने तोंड भिंतीकडे केलं. खालांनी डाळ-भात वर आणून ठेवला. तो तसाच राहिला. मी मनात त्या रेषेला, दुकानाला, तो प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसांना, सगळ्यांना एकच म्हणत होते: अजून थोडं. देवाचं नाव मात्र मी घेतलं नाही. माझं तेव्हा त्याच्याशी बोलणं नव्हतं.

रेषा पूर्ण झाली. इमरानने लगेच गाव आणि सेव्ह डिस्कवर कॉपी केलं. त्या दुकानात काही गेम असे असतात की एकदा उतरवले की पुन्हा दुकानाला विचारावं लागत नाही. गाव तसं होतं. मग त्याने यादीतला पुढचा गेम लावला. चक्र फिरलं आणि थांबलं. वर कोपऱ्यातलं नाव गेलं. तिथे लिहून आलं, पुन्हा लॉगिन करा. अमरावतीत टाकलेल्या चुकीच्या कोडांमुळे असेल, की मुदतच संपली असेल, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

इमरान त्या रिकाम्या चौकटीकडे पाहत राहिला. मग त्याने हात पुढे करून, इतक्या दिवसांनी, संगणक बंद केला. खोलीत इतकी शांतता झाली की खाली कोणी सुई टोचून दोरा ओढत होतं तेही ऐकू आलं.

पुढे मी त्या दुकानाला पत्र लिहिलं, चांगल्या इंग्रजीत. उत्तर आलं, सौजन्याचं. खातं ज्याचं त्याचंच असतं, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मला राग आला नाही. त्यांनी खरंच सांगितलं होतं.

डिस्क घेऊन मी घरी आले, तेरवी झाली, गोड जेवण झालं, संगणक तेल्हाऱ्याला गेला. मामांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी दादाचं नाव स्वच्छ ठेवायला ते केलं होतं. मला नोकरी लागल्यावर मी एक लॅपटॉप घेतला आणि त्यावर तेच छोटं सॉफ्टवेअर टाकलं. अजूनही ते लोक ते लिहीत असतात, सुधारत असतात. त्याला मी डिस्कवरची जागा दाखवली. ते म्हणालं, बरं, हा घरातलाच आहे.

आई पहिल्यांदा माझ्या मागे येऊन बसली ती बऱ्याच काळानंतर, हातात हार घेऊन. बाबा खाटेवर होते. मी तिला गावातून फिरवलं. धक्क्यावरचं दुकान पाहून बाबा म्हणाले, "भाव काय लावला पोट्ट्यानं?" आईने टेकडीवरचं अंगण पाहिलं आणि बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली.

"आन् तुह्यं घर?" तिने विचारलं.

मी दीपस्तंभाखालचे दगड दाखवले. पोळ्याच्या आधी तिथे दगडच होते.

"बांध ना मंग. येते ना तुले?"

"येतं."

बाबा खाटेवरून म्हणाले, "थांबली कावून?" मी म्हटलं, "रंग ठरला नाही." त्यांनी मान हलवली. मोबाइलमध्ये काय होतं हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

डिस्क माझ्या कपाटात आहे, डब्यासकट. गेम चालतो. दीपस्तंभाखालची जागा रिकामी आहे.